पाण्याचे माप आणि माणसाचा हक्क

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण सांगताना रोहिणी नदीच्या पाण्याचा वाद पुढे आणला आहे. शाक्य आणि कोलिय ही दोन्ही राज्ये त्या एकाच नदीच्या पाण्यावर शेती भिजवीत असत. पाणी आधी कोणी घ्यायचे आणि किती घ्यायचे, यावरून दर हंगामात तंटा होई. शाक्य संघाने युद्धाचा ठराव मांडला, तेव्हा तरुण सिद्धार्थाने त्याला विरोध केला. प्रथम चौकशी करावी, दोन्ही बाजूंनी दोन दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि त्या पाच जणांनी तंटा मिटवावा, असे त्याचे म्हणणे होते. संघाने ते मानले नाही. पुढचा इतिहास आपणास ज्ञात आहे.

या तंट्यात दोन प्रश्न आहेत. पाणी कोणी घ्यायचे, हा पहिला. किती घ्यायचे, हा दुसरा. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी प्राशन केले, ते पहिल्या प्रश्नाचे उत्तर होते. त्या उत्तरावर न्यायालयाची मोहोर उमटण्यास १९३७ साल उजाडावे लागले. दुसरा प्रश्न मात्र आजही प्रत्येक गावात, नळाच्या प्रत्येक शेवटच्या तोटीपाशी उभा आहे. पाणी सर्वांचे आहे, हे कागदावर मान्य झाले. पण पाइपाच्या अखेरच्या टोकाला असलेल्या वस्तीपर्यंत ते किती पोहोचते, हे कोण सांगणार? ‘पुरेसे सोडले’ असे एक म्हणतो आणि ‘आलेच नाही’ असे दुसरा म्हणतो. दोघांच्याही हाती आकडा नसतो. आकडा नसला की ज्याचा आवाज मोठा, त्याचे खरे ठरते.

म्हणूनच आपल्या शाळेच्या या स्मरणिकेत, आजी-माजी विद्यार्थी, पालक व समाजबांधव यांच्यासाठी, एका उपकरणाचा पाठ मांडत आहे. त्या उपकरणाचे नाव पाइपावर बाहेरून बसवायचा श्राव्यातीत प्रवाहमापक, म्हणजेच क्लॅम्प-ऑन अल्ट्रासॉनिक फ्लोमीटर. पाइप न कापता, पाणी न थांबवता आतला प्रवाह मोजणारे हे साधन आहे.

दोन राशींचा गुणाकार

प्रवाह मोजणे म्हणजे ठरावीक वेळात किती पाणी गेले, ते मोजणे. इतिहासात ही गोष्ट सोपी ठरली नाही. इ.स. ९७ मध्ये सम्राट नर्वाने सेक्स्टस ज्युलियस फ्रॉन्टिनस याला रोम शहराच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख नेमले. त्याने आपल्या खात्याचा जो ग्रंथ लिहिला, तो आजही उपलब्ध आहे. दप्तरातील नोंदी आणि प्रत्यक्ष पाणी यांचा मेळ बसत नाही, हे त्याच्या ध्यानात आले. कर्मचारी वाटेत पाइपांना छिद्रे पाडून पाणी विकत होते, रस्त्याखालून चोरट्या नळ्या गेल्या होत्या. हे सर्व त्याने उघडकीस आणले. परंतु त्याच्या मापात एक उणीव होती. तो पाइपाच्या तोंडाच्या आकारावरून पाणी मोजत असे. पाणी वेगाने आले तर त्याच तोंडातून जास्त निघते, हे त्याला दिसत होते. पण तो वेग मोजण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते.

ही उणीव भरून काढणारा विचार पक्केपणाने मांडला जाण्यास दीड हजार वर्षांहून अधिक काळ जावा लागला. गॅलिलिओचा शिष्य बेनेदेत्तो कास्तेल्ली याने १६२८ मध्ये वाहत्या पाण्याच्या मापनावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पाण्याचे माप केवळ आकारात नसून आकार व वेग या दोहोंच्या गुणाकारात आहे, हे त्याने स्पष्ट केले. आजही सूत्र तेच आहे :

प्रवाह = पाइपाच्या आतील छेदाचे क्षेत्रफळ × पाण्याचा सरासरी वेग.

उदाहरण घेऊ. पाइपाचा आतील व्यास १०० मिलिमीटर असेल, तर छेदाचे क्षेत्रफळ ०.००७८५ चौरस मीटर येते. पाणी सेकंदाला १ मीटर वेगाने वाहत असेल, तर दर सेकंदाला सुमारे ७.८५ लिटर आणि तासाला सुमारे २८,३०० लिटर पाणी जाते. क्षेत्रफळ फूटपट्टीने काढता येईल. पण बंद पाइपातील वेग डोळ्यांना दिसत नाही. तो कसा मोजायचा?

ध्वनीची जा-ये

याचे उत्तर ध्वनीने दिले. १८२६ मध्ये जिनिव्हा सरोवरावर कोलाडाँ या शास्त्रज्ञाने स्टर्म या सहकाऱ्यासह एक प्रसिद्ध प्रयोग केला. एका नावेवरून पाण्याखाली घंटा वाजवायची आणि त्याच क्षणी वर दारू पेटवून उजेड करायचा. सुमारे साडेतेरा किलोमीटर दूर असलेल्या दुसऱ्या नावेवरून तो उजेड पाहायचा आणि पाण्यात बुडवलेल्या नळीने घंटेचा नाद ऐकायचा. उजेड व नाद यांत नऊ सेकंदांहून थोडे अधिक अंतर पडले. त्यावरून पाण्यातील ध्वनीचा वेग सेकंदाला १,४३५ मीटर आला. सरोवराचे पाणी थंड होते. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात हा वेग सुमारे १,४८० मीटर असतो, हवेतील वेगाच्या चौपटीहून अधिक.

पुढे १८८० मध्ये प्येर आणि जॅक क्युरी या बंधूंनी एक शोध लावला. काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांत विद्युतभार निर्माण होतो. याच्या उलटही घडते : अशा स्फटिकाला विजेचा झटका दिला की तो कंप पावतो. म्हणजे एकच स्फटिक तोंडही होतो आणि कानही होतो. दवाखान्यातील सोनोग्राफी याच तत्त्वावर चालते. २०,००० हर्ट्झच्या वरचा ध्वनी माणसाला ऐकू येत नाही, म्हणून त्याला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. आपल्या प्रवाहमापकातील कंपने तर साधारणपणे सेकंदाला दहा लाखांच्या आसपास असतात.

आता मुख्य युक्ती पाहू. नदीत पोहणारा प्रवाहाबरोबर लवकर पोहोचतो आणि तेवढेच अंतर प्रवाहाविरुद्ध कापताना त्याला जास्त वेळ लागतो. दोन्ही वेळा मोजल्या, तर काठावर बसूनही नदीचा वेग काढता येतो. प्रवाहमापकात पोहणाऱ्याच्या जागी ध्वनी असतो. पाइपावर दोन संवेदक बसवतात. पहिला तिरका ध्वनी सोडतो, तो पाण्यातून दुसऱ्याकडे प्रवाहाच्या दिशेने जातो. मग दुसरा सोडतो आणि पहिला ऐकतो. हा प्रवास प्रवाहाविरुद्ध होतो. दोन प्रवासांच्या वेळांतील फरकावरून पाण्याचा वेग निघतो.

हा फरक किती सूक्ष्म असतो, ते पाहा. वरच्याच १०० मिलिमीटर व्यासाच्या पाइपात ध्वनी समोरच्या भिंतीवर आपटून परत आला आणि या प्रवासात तो पाइपाच्या लांबीच्या दिशेने १० सेंटिमीटर पुढे सरकला, असे समजा. पाण्यातील एकूण मार्ग सुमारे २२ सेंटिमीटरचा होतो. तो कापण्यास ध्वनीला सेकंदाच्या दहा लाखांश भागांपैकी सुमारे १५१ भाग लागतात. पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर असेल, तर जाण्या-येण्याच्या वेळांतील फरक अवघा ९१ नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागांपैकी ९१ भाग इतका असतो. हा फरक पकडणारे इलेक्ट्रॉनिक्स आज हातात मावणाऱ्या पेटीत बसते. विशेष असे की दोन्ही दिशांच्या वेळा वापरल्याने ध्वनीचा स्वतःचा वेग मूळ सूत्रातून गळून पडतो. पाइपाच्या भिंतीतून पाण्यात शिरताना ध्वनी वळतो आणि त्या वळणाचा कोन तापमानाबरोबर किंचित बदलतो. तेवढी दुरुस्ती उपकरण करते.

ही पद्धत स्वच्छ पाण्यासाठी उत्तम. सांडपाण्यासारख्या द्रवात कण व बुडबुडे पुष्कळ असतील, तर ध्वनी पलीकडे पोहोचत नाही. तेथे डॉप्लर पद्धत वापरतात. वाहत्या कणांवरून परतणाऱ्या ध्वनीची कंपनसंख्या बदलते, त्या बदलावरून वेग काढतात. जवळ येणाऱ्या गाडीच्या भोंग्याचा सूर चढतो आणि दूर जाणाऱ्या गाडीचा उतरतो, तोच हा परिणाम. ऑस्ट्रियाच्या क्रिस्टियान डॉप्लर याने तो १८४२ मध्ये मांडला.

पाइप न कापता

सामान्य जलमापक बसवायचा तर पाइप कापावा लागतो, पाणी बंद ठेवावे लागते. शिवाय आतील चक्रीला गाळ लागतो, ती झिजते. दिवसातून दोन-चार तासच पाणी सुटणाऱ्या गावांत आणखी एक अडचण येते. पाणी सुटले की आधी पाइपातील हवा बाहेर पडते आणि त्या हवेनेही चक्री फिरते. मग न आलेले पाणीही मापात नोंदले जाते. बाहेरून बसवायच्या प्रवाहमापकाला हलणारा भागच नाही. पाइपात हवा असली, तर तो खोटा आकडा देण्याऐवजी बहुधा ‘संकेत नाही’ असे दाखवतो.

मोजणीची कृती अशी. पाइपाचा बाहेरील घेर दोरीने मोजून त्यावरून व्यास काढायचा. भिंतीची जाडी जाडीमापकाने मोजायची. पाइप लोखंडाचा, पीव्हीसीचा की एचडीपीईचा, आतून सिमेंटचे अस्तर आहे का, ही माहिती उपकरणात भरायची. मग दोन संवेदकांत किती अंतर ठेवायचे, ते उपकरण सांगते. पाइपावरील गंज व सुटा रंग घासून जागा स्वच्छ करायची, संवेदकाला जेल लावायचे आणि पट्ट्याने किंवा साखळीने तो घट्ट आवळायचा. सोनोग्राफीपूर्वी पोटावर जेल लावतात, त्याचे कारणही हेच : संवेदक आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहिला, तरी बहुतेक सर्व ध्वनी तेथूनच परत फिरतो.

आकड्यामागील अटी

येथे या पाठाचा गाभा आहे. पडद्यावर आकडा उमटला म्हणजे सत्य उमटले, असे नाही. तथागतांनी धम्माला ‘एहिपस्सिक’ म्हटले, म्हणजे या आणि स्वतः पाहा. यंत्राच्या आकड्यालाही हीच कसोटी लावली पाहिजे. त्यासाठी पाच अटी लक्षात ठेवाव्यात.

पहिली, पाइप पूर्ण भरलेला हवा. अर्धा भरलेला पाइप यंत्राला कळेलच असे नाही. ते पूर्ण छेद धरून गुणाकार करील.

दुसरी, जागा सरळ हवी. एल्बो, व्हॉल्व्ह किंवा पंप यांच्याजवळ पाणी भोवरे घेत धावते. म्हणून संवेदकाआधी पाइपाच्या व्यासाच्या किमान दहापट आणि नंतर पाचपट सरळ लांबी ठेवण्याचा सर्वसाधारण प्रघात आहे. पंपाजवळ त्याहूनही अधिक लागते.

तिसरी, आडव्या पाइपावर संवेदक बाजूला बसवावेत. वरच्या बाजूला हवेचे बुडबुडे जमतात आणि तळाला गाळ.

चौथी, शून्य तपासावे. पाइप भरलेला ठेवून व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला, तर यंत्राने शून्य दाखवले पाहिजे. वेग फार कमी असेल, तर शून्यातील थोडीशी चूकही मोठी ठरते.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, आतील व्यास खरा हवा. ध्वनी वेग मोजतो. क्षेत्रफळ मात्र आपण भरलेल्या माहितीवरून काढले जाते. जुन्या लोखंडी पाइपात आतून गंज व क्षारांचे थर चढतात. व्यास १० टक्के घटला, तर क्षेत्रफळ १९ टक्के घटते. कागदावरचा व्यास भरला, तर कागदावरचेच पाणी मोजले जाईल.

याखेरीज एक गोष्ट यंत्रातच सांभाळलेली असते. पाइपाच्या मध्यभागी पाणी वेगाने आणि भिंतीलगत संथ वाहते. ध्वनीच्या रेषेवरील सरासरी वेग हा संपूर्ण छेदाच्या सरासरीहून थोडा जास्त भरतो, म्हणून यंत्र त्याला एका गुणकाने कमी करते. सर्व अटी पाळल्या, तर मोजणीतील चूक साधारण एक ते तीन टक्क्यांत राहते.

एका वस्तीचे गणित

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागात दरडोई दररोज ५५ लिटर नळाचे पाणी हे प्रमाण ठरले. १,२०० लोकसंख्येची एक वस्ती कल्पनेत घेऊ. तिला दररोज ६६,००० लिटर पाणी मिळाले पाहिजे. वस्तीकडे येणाऱ्या पाइपाचा व्यास दप्तरात १०० मिलिमीटर लिहिलेला आहे. यंत्राने वेग सेकंदाला ०.६ मीटर दाखवला. पाणी रोज चार तास सुटते. हिशेब केला, तर सुमारे ६७,९०० लिटर पाणी आले. दरडोई ५६ लिटरांहून थोडे अधिक. अहवालात ‘पुरेसे’ असा शेरा पडेल.

आता पाइपात सर्व बाजूंनी ५ मिलिमीटर थर चढला आहे, असे समजा. खरा व्यास ९० मिलिमीटर. वेग तोच धरला, तर पाणी सुमारे ५५,००० लिटर येते. दरडोई ४६ लिटरही भरत नाही. प्रत्येक माणसामागे दहा-अकरा लिटर, म्हणजे एक घागरभर पाणी, त्या एका चुकीच्या व्यासात नाहीसे झाले. ते भरून आणण्यास उन्हात पुन्हा कोण जाते, हे आपल्या आयाबहिणींना सांगावे लागत नाही. अहवालाची बेरीज मात्र बरोबर असते.

यावर उपाय साधा आहे : यंत्राची पडताळणी टाकीने करावी. वस्तीवरील टाकी आत येताना भरू द्यावी, बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद ठेवावा आणि पाण्याची पातळी ठरावीक वेळात किती चढली, ते पट्टीने मोजावे. टाकीची लांबी, रुंदी आणि पातळीतील वाढ यांचा गुणाकार खोटे बोलत नाही. यंत्र व टाकी यांचे आकडे जुळले, तर यंत्रावर विश्वास ठेवावा. न जुळले, तर वरील पाच अटी एकेक करून तपासाव्यात.

याच साधनाने गळतीही सापडते. मुख्य टाकीच्या तोंडाशी आणि वस्तीच्या प्रवेशाशी, मधले सर्व फाटे बंद ठेवून, मोजणी केली तर फरक उघडा पडतो. जेथे चोवीस तास पाणी असते, तेथे मध्यरात्री मोजावे. सर्व निजले असताना जे पाणी वाहते, त्यातले बरेचसे गळतीचे असते. उपकरण महाग असले, तरी ते एका पाइपाला कायमचे जखडलेले नसते. एक संच अनेक गावांत फिरवता येतो.

मोजमाप कोणी पाहायचे?

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी त्यांच्या कारकिर्दीत झाली. एप्रिल १९४५ मध्ये देशातील जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन यांसाठी मध्यवर्ती आयोग स्थापन झाला. आजच्या केंद्रीय जल आयोगाचे मूळ तेथे आहे. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटक येथील परिषदेत त्यांनी ओरिसाच्या नद्यांविषयी भूमिका मांडली : अधिक पाणी हे संकट समजून ते समुद्रात लोटू नये, त्याचा साठा करून लोकांसाठी उपयोग करावा. महाडला ओंजळीत पाणी घेणारा हाच नेता नद्यांच्या खोऱ्यांचे नियोजन करीत होता. हक्क आणि हिशेब ही त्यांच्या दृष्टीने वेगळी क्षेत्रे नव्हती.

म्हणून माझी समाजबांधवांना विनंती आहे. ग्रामसभेत पाण्याची तक्रार मांडताना ‘पाणी कमी येते’ एवढ्यावर थांबू नका. कोणत्या पाइपावर, कोणत्या दिवशी, किती तास, किती लिटर, असे विचारा. मोजणी होत असेल तेव्हा टोकाच्या वस्तीतील दोन माणसे तेथे उभी असावीत, दप्तराकडील दोन असावीत आणि सर्वांनी मिळून यंत्र चालवणारा पाचवा मान्य करावा. व्यास कोठून घेतला, शून्य तपासले का, टाकीने पडताळले का, हे प्रश्न त्यांनी विचारावेत. या प्रश्नांसाठी अभियंत्याची पदवी लागत नाही. आठवीचे गणित आणि निर्भय मन पुरते. आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आज अभियंते, ग्रामसेवक, शिक्षक, सरपंच आहेत. त्यांनी आपापल्या गावी एकदा तरी अशी मोजणी घडवून आणावी आणि तिचा तक्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. पाइपाचा आतील व्यास ८० मिलिमीटर आणि वेग सेकंदाला ०.५ मीटर असेल, तर तासाला किती लिटर पाणी जाईल?

२. ४ मीटर लांब व ३ मीटर रुंद टाकीतील पातळी १० मिनिटांत २५ सेंटिमीटर चढली. प्रवाह सेकंदाला किती लिटर? त्याच वेळी यंत्र ५.५ लिटर दाखवत असेल, तर कोणकोणत्या अटी तपासाल?

३. मुख्य टाकीपाशी प्रवाह सेकंदाला ५ लिटर आणि वस्तीपाशी ४.२ लिटर आहे. मध्ये एकही फाटा उघडा नाही. तासाला किती पाणी वाया जाते? दरडोई ५५ लिटर धरल्यास तेवढे पाणी किती माणसांना दिवसभर पुरले असते?

उत्तरे : १) सुमारे ९,०५० लिटर. २) ५ लिटर, सर्वांत आधी आतील व्यास तपासावा. ३) २,८८० लिटर; ५२ माणसांना.

तिसऱ्या प्रश्नातील बावन्न माणसे केवळ आकडा नाहीत. ती पाइपाच्या शेवटच्या टोकाला, रिकाम्या घागरी घेऊन उभी आहेत. त्यांची मोजदाद करायला शिकणे, हेही शिक्षणच आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!